सांगण्याजोगे घर : किशोरांचे व्यसन आणि कुटुंबाचे शिक्षण

मूल बारा-तेरा वर्षांचे झाले, शाळेतून आल्याआल्या दप्तर टाकून दिवसभराची हकीकत सांगणारे तेच मूल विचारल्यावाचून बोलेनासे आणि विचारल्यावरही एकदोन शब्दांपलीकडे जाईनासे झाले, म्हणजे आईबापांच्या मनात जी काळजी घर करते तिच्यात व्यसनाची भीती बहुधा अग्रभागी असते. ही भीती अनाठायी नाही. तंबाखू, दारू, गांजा यांची पहिली ओळख पुष्कळांना याच वयात होते, आणि ती जितकी लवकर होते तितकी पुढे व्यसन जडण्याची शक्यता अधिक, असे अनेक देशांतील निरीक्षणांत आढळून आले आहे. या संकटाला समाजाने आजवर मुख्यतः तीन उत्तरे दिली. पहिले कायद्याचे : मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ सालचा. दुसरे उपदेशाचे : गाडगेबाबांनी गावोगावच्या कीर्तनांत श्रोत्यांना प्रश्न विचारीत विचारीत दारूचा संसारावर होणारा घाला त्यांच्याच तोंडून वदवून घेतला. तिसरे उपचाराचे : डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले आणि व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे ही दृष्टी महाराष्ट्रात रुजविली. या तिन्ही उत्तरांचे मोल कमी न लेखता असे म्हणावे लागते की, व्यसन लागण्यापूर्वी, ज्या घरात मूल वाढत आहे त्या घरालाच काही शिकवता येईल काय, हा चौथा प्रश्न आपल्याकडे पुरेशा गांभीर्याने विचारला गेलेला नाही. जगात अन्यत्र तो गेली चाळीस वर्षे विचारला जात आहे. त्यातून काय हाती लागले आणि काय निसटले, याचा आढावा घेण्याचा येथे हेतू आहे.

प्रथम या शिक्षणाचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे. शाळेच्या पालकसभेत डॉक्टरांचे किंवा पोलीस अधिकाऱ्याचे व्याख्यान ठेवणे, पत्रके वाटणे, ‘मुलांकडे लक्ष द्या’ असा सल्ला देणे, याला कुटुंबाचे कौशल्य-प्रशिक्षण म्हणत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कचेरीने २००९ साली या विषयावर जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तीत हा भेद कटाक्षाने केलेला आहे. माहिती दिल्याने माणसाचे ज्ञान वाढते. वागणूक बदलायची तर ती करून पाहावी लागते, चुकावे लागते आणि पुन्हा करावी लागते. पोहण्यावरील ग्रंथ वाचून कोणी पोहायला शिकत नाही, तद्वत रागावलेल्या मुलाशी आवाज न चढवता कसे बोलावे हे व्याख्यान ऐकून कोणाला साधत नाही. म्हणून या प्रशिक्षणात आठदहा कुटुंबे काही आठवडे नियमाने एकत्र येतात, आणि घरात जे प्रसंग घडतात तेच तेथे सोंग वठवावे तसे वठवून त्यांतून वाट काढण्याचा सराव करतात.

या कल्पनेच्या मुळाशी तीन संशोधनप्रवाह आहेत. डायना बॉमरिंड यांनी १९६० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात मुलांचा व पालकांचा अभ्यास करून असे मांडले की, केवळ धाकात ठेवणारे आणि सर्वस्वी मोकळे सोडणारे अशा दोन्ही प्रकारच्या पालकांपेक्षा माया आणि मर्यादा यांची सांगड घालणाऱ्या पालकांची मुले अधिक स्वावलंबी व संयमी होतात. ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांतून बसून प्रसंग टिपले, तेव्हा त्यांना एक दुष्टचक्र दिसले : आई काही सांगते, मूल आरडाओरडा करते, आई थकून माघार घेते; मुलाला कळते की ओरडल्याने सुटका होते, आईला कळते की माघार घेतल्याने शांतता मिळते, आणि दोघेही एकमेकांना नकळत तीच वागणूक शिकवीत राहतात. हे दोघेही दुष्ट नसतात, शिकलेले असतात, आणि जे शिकलेले असते ते बदलता येते, हा पॅटरसन यांच्या कामाचा सर्वांत आशादायक निष्कर्ष होय. तिसरा प्रवाह सिअ‍ॅटलचा. तेथे डेव्हिड हॉकिन्स आणि रिचर्ड कॅटालानो यांनी व्यसनाकडे नेणाऱ्या आणि त्यापासून राखणाऱ्या कारणांचा ताळेबंद मांडला व त्यात घराशी असलेल्या जिव्हाळ्याला प्रमुख स्थान दिले.

या भूमिकेवर पहिली भक्कम इमारत उभारली ती यूटा विद्यापीठाच्या कॅरोल कम्फर यांनी. १९८०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी घेतलेली कुटुंबे सर्वांत बिकट होती : आईबाप स्वतःच व्यसनी, काही मेथाडोनचे (अफूजन्य व्यसनावरील औषधाचे) उपचार घेणारे, आणि मुले सहा ते बारा वर्षांची. चौदा आठवड्यांच्या या अभ्यासक्रमात पालकांचा वर्ग, मुलांचा वर्ग आणि दोघांचा एकत्र वर्ग असे तीन भाग होते. कम्फर यांनी काही कुटुंबांना केवळ पालकांचा वर्ग, काहींना पालक व मुले यांचे वेगवेगळे वर्ग आणि काहींना तिन्ही भाग देऊन तुलना केली, तेव्हा तिन्ही भाग मिळालेल्या कुटुंबांत सर्वाधिक सुधारणा दिसली. आईबापांना एकीकडे आणि मुलांना दुसरीकडे शहाणे करून भागत नाही, त्यांना समोरासमोर बसवावे लागते, हा धडा या क्षेत्राने तेव्हापासून सोडलेला नाही.

पुढे आयोवा राज्याच्या विद्यापीठात व्हर्जिनिया मोलगार्ड यांनी कम्फर यांच्या साहाय्याने हा अभ्यासक्रम सर्वसामान्य कुटुंबांसाठी, दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी नव्याने बेतला. सात आठवडे, आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन तास, आणि काही महिन्यांनी उजळणीच्या चार बैठका, असा त्याचा बेत. पहिल्या तासाला मुले एका खोलीत आणि पालक दुसऱ्या खोलीत बसतात. पालक घरगुती प्रसंगांच्या चित्रफिती पाहून नियम थोडेच पण स्पष्ट कसे ठेवावेत, नियम मोडल्यास शिक्षा आधीच ठरलेली आणि सौम्य कशी असावी, आणि ‘तू नेहमीच असा वागतोस’ याऐवजी ‘तू उशिरा आलास की मला काळजी वाटते’ असे कसे म्हणावे, याचा सराव करतात. त्याच वेळी मुले आपली स्वप्ने मांडतात, ताण कसा सोसावा व सोबत्यांचा आग्रह मैत्री न तोडता कसा नाकारावा हे शिकतात, आणि आईबापांच्या पाठीवरील ओझ्याचाही विचार करतात. दुसऱ्या तासाला दोन्ही गट एकत्र येतात, घराची मूल्ये कागदावर उतरवतात, कुटुंबाची बैठक कशी घ्यावी हे करून पाहतात आणि एकमेकांविषयी एकेक चांगली गोष्ट मोठ्याने सांगतात. ही शेवटची गोष्ट वाचताना क्षुल्लक वाटते. परंतु ज्या घरात चुका रोज मोठ्याने सांगितल्या जातात आणि गुण मात्र मनातल्या मनात ठेवले जातात, तेथे ती किती जड आणि किती मोलाची असते, हे आपल्यापैकी प्रत्येकजण स्वतःच्या बालपणावरून पडताळून पाहू शकतो.

या अभ्यासक्रमाची परीक्षा रिचर्ड स्पॉथ यांनी आयोवातील ३३ ग्रामीण शाळांत घेतली. १९९३च्या सुमारास सहावीत असलेली मुले दहावीत गेली तेव्हा प्रशिक्षण घेतलेल्या कुटुंबांतील मुलांत दारूचा आरंभ आणि मद्यधुंदी यांचे प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. डेव्हिड फॉक्सक्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली जगभरच्या प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा दीर्घकाळ टिकणारा परिणाम दाखविणाऱ्या मोजक्या उपक्रमांत त्यांनी याला अग्रस्थान दिले. त्यांचा हिशेब असा की, नऊ कुटुंबांना प्रशिक्षण दिले असता चार वर्षांनंतर त्यांपैकी एका मुलाचा दारूचा आरंभ टळतो. नऊंत एक हा आकडा अननुभवी माणसाला तोकडा वाटेल. पण सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात, आणि तेही केवळ सात संध्याकाळींच्या बदल्यात, तो असामान्य मानला जातो. शालेय मुलांना पोलिसांकरवी उपदेश करण्याचा जो उपक्रम १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू होऊन अमेरिकाभर पसरला, त्याच्या परीक्षणांत व्यसनांवर टिकाऊ परिणाम जवळजवळ आढळला नाही, ही गोष्ट शेजारी ठेवली म्हणजे आयोवाच्या यशाने एवढा उत्साह का संचारला हे ध्यानी येते.

परंतु आढावा घेणाऱ्याने येथेच थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. युरोपातील देशांनी हा अभ्यासक्रम मोठ्या आशेने आपल्याकडे आणला. स्टॉकहोममधील शाळांत त्याच्या स्वीडिश आवृत्तीचा प्रयोग झाला. परिणाम दिसला नाही. पोलंडमध्ये २० वस्त्यांतील ६१४ कुटुंबांवर प्रयोग झाला. दोन वर्षांनंतरही मुलांच्या दारू-सिगारेटमध्ये फरक पडला नाही. वेल्समध्ये ७१५ कुटुंबे घेऊन केलेल्या काटेकोर चाचणीचा निष्कर्षही तसाच निघाला, आणि जर्मनीत तंबाखूपुरता थोडासा लाभ तेवढा पदरी पडला. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या ज्या आढाव्याने २०११ साली कुटुंबावर आधारलेल्या बारा प्रयोगांपैकी नऊंत लाभ नोंदवला होता, त्याच संस्थेच्या २०१९च्या आढाव्याने ४६ प्रयोग तपासून असे म्हटले की, किशोरांच्या मद्यपानापुरते पाहिल्यास अशा कार्यक्रमांचा स्पष्ट लाभ दिसून येत नाही. ज्या फॉक्सक्रॉफ्ट यांनी आयोवाच्या प्रयोगाची महती जगाला सांगितली, त्यांनीच पोलंडचे अपयशही लपवून न ठेवता प्रसिद्ध केले. विद्वानाची ही सचोटी अनुकरणीय आहे.

एका देशात फळलेले रोप दुसऱ्या मातीत का सुकले, याची कारणे अनेक सांगितली जातात. आरंभीचे पुष्कळ प्रयोग ज्यांनी अभ्यासक्रम रचला त्यांनीच तपासले होते, आणि रचनाकाराच्या डोळ्याला आपल्या कृतीचे गुण अधिक दिसणे स्वाभाविक आहे. युरोपातील तुलनेच्या कुटुंबांना सरकारी शाळा, आरोग्यसेवा आणि समाजसेवकांचे साहाय्य आधीच उपलब्ध होते, म्हणून नव्या प्रशिक्षणाने घालावी अशी भर थोडी उरली. आयोवाच्या शेतकरी वस्तीत किशोराने दारू पिणे हे अनुचित मानले जाई. युरोपातील पुष्कळ घरांत जेवणासोबत मद्य असे, आणि जेथे समाजच ‘चालायचेच’ म्हणतो तेथे घराचा नकार एकाकी पडतो. याखेरीज, ज्यांना साहाय्याची सर्वांत अधिक गरज तीच कुटुंबे या वर्गांना सर्वांत कमी येतात. ही सर्व कारणे खरी असावीत असे मला वाटते. त्यांतून निघणारे तात्पर्य असे की, पुस्तिका आणि चित्रफिती परदेशातून आणता येतात, पण ज्या मोहल्ल्यात व ज्या भाषेत ते घर जगते तो मोहल्ला आणि ती भाषा आणता येत नाहीत.

स्वीडनमधीलच दुसरे एक संशोधन या चर्चेला वेगळे वळण देते, आणि माझ्या मते या सर्व वाङ्मयात ते सर्वांत मूलगामी आहे. मुलांवर पालकांचे लक्ष असेल तर मुले व्यसनापासून दूर राहतात, असे वर्षानुवर्षे मानले जात होते. होकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० साली या समजुतीची फेरतपासणी केली. पालकांना मुलांची जी माहिती असते ती येते कोठून, असा साधा प्रश्न त्यांनी विचारला. आणि उत्तर मिळाले ते असे की, चौकशी केल्याने किंवा पहारा ठेवल्याने ती फारशी येत नाही, ती मुख्यतः मुलाने आपण होऊन सांगितल्याने येते. ज्या घरात मूल सांगते त्या घराला माहिती असते. मग खरा प्रश्न उरतो तो असा : मूल सांगेल असे घर कसे असते? खिसे तपासणे, मोबाईल हिसकावून पाहणे, मित्रांच्या घरी फोन करणे हे सोपे उपाय आहेत. ‘मी एकदा ओढून पाहिली’ असे मुलाने सांगताच तोंडावरचा रंग न बदलता पुढे ऐकत राहणे आणि ऐकून झाल्यावर नियम मात्र ढळू न देणे, हे अवघड कौशल्य आहे. आणि सातही आठवड्यांचे सार यातच आहे.

तथापि जिव्हाळा पुरेसा आहे आणि नियम अनावश्यक आहेत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. नेदरलँड्समध्ये केवळ पालकांना शिकवून पाहिले, केवळ मुलांना शिकवून पाहिले, दोन्हीही निष्फळ ठरले. एकाच वेळी दोघांना शिकवले आणि पालकांनी आपसांत ठरवून मुलांना दारूविषयी एकच स्पष्ट नकार सांगितला, तेव्हा मुलांच्या मद्यपानाचा आरंभ लांबला. जॉर्जियाच्या ग्रामीण भागात जीन ब्रॉडी यांनी कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी जो अभ्यासक्रम बेतला, त्यात वर्णभेदाच्या अवहेलनेला मुलांनी ताठ मानेने कसे तोंड द्यावे हे शिकवण्याला मध्यवर्ती स्थान दिले, आणि त्याचे परिणाम चांगले आले. मायामीत स्पॅनिश भाषक स्थलांतरितांसाठी चाललेल्या उपक्रमाने आणखी एक दुखणे ओळखले : मुले इंग्रजी शाळेत जातात, आईबापांना ती भाषा येत नाही, घरातील वडीलकीची उलटापालट होऊन मूलच बाहेरच्या जगाचे दुभाषी बनते, आणि अशा घरात मर्यादा घालणार कोण? आपल्याकडे पहिल्या पिढीतील इंग्रजी माध्यमाची मुले आणि मराठी शाळेत शिकलेले किंवा शाळेत न गेलेले त्यांचे आईबाप यांच्यामध्ये जी दरी पडू लागली आहे, ती पाहता मायामीचा हा अनुभव आपल्याला परका वाटू नये.

आइसलंडने तर घराच्या पलीकडे पाऊल टाकले. १९९८ साली तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागील महिन्यात दारूने झिंगलेली होती. २०१६ साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. मुलांनी रात्री ठरावीक वेळेनंतर बाहेर राहू नये असा कायदा, पालकांनी शाळाशाळांतून केलेले लेखी करार, वस्तीतील आईबापांनी रात्री पाळीपाळीने घातलेल्या फेऱ्या, आणि खेळ व संगीत यांसाठी मुलांना मिळणारे सरकारी अर्थसाहाय्य, असे अनेक धागे त्यात होते. युरोपात अन्यत्रही त्या काळात किशोरांचे मद्यपान घटत होते, म्हणून सर्व श्रेय या योजनेला देता येणार नाही. पण एका घराचा नियम शेजारच्या घराच्या नियमाशी जुळला की मुलाला ‘सगळे जातात, मीच का नाही?’ हा युक्तिवाद उरत नाही, हे त्यातले शहाणपण निर्विवाद आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू पितात; १० ते १७ वयोगटात हे प्रमाण १.३ टक्के आहे. परंतु हुंगण्याची व्यसने, म्हणजे पंक्चरचे सोल्युशन आणि व्हाइटनर, ही एकच जात अशी आहे की जिचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आढळले, आणि तिच्यापायी साहाय्याची गरज असलेल्या मुलांची संख्या ४ लाख ६० हजारांच्या घरात जाते. तंबाखूची हकीकत तर घरातच सुरू होते. विदर्भात खर्रा पाहुण्याच्या पुढे केला जातो, गावोगावच्या माजघरांत आजीची मिश्री सुनेकडे आणि सुनेकडून मुलीकडे जाते, आणि ‘जा रे, टपरीवरून पुडी घेऊन ये’ म्हणून ज्या मुलाला धाडले जाते त्याने ती पुडी कधीच फोडू नये अशी आपली अपेक्षा असते. राज्यात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकण्यास २००३च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे, आणि मुलाला मादक पदार्थ देणाऱ्यास २०१५च्या बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. कायद्याच्या दप्तरात उणीव थोडी आहे. उणीव आहे ती उंबरठ्याच्या आत.

या उंबरठ्याच्या आत जाण्याची साधने आपल्याजवळ नाहीत असे नाही. मुक्तांगणाने व्यसनी पुरुषांच्या पत्नींना ‘सहचरी’ या नावाखाली एकत्र बसवून, व्यसन हा साऱ्या घराचा आजार असल्याने बरेही साऱ्या घरालाच व्हावे लागते, ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. गोव्यातील संगात या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतून, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षित केलेल्या समुपदेशकांकरवी अतिमद्यपान करणाऱ्या पुरुषांना साहाय्य दिले, आणि त्याचा गुण येतो हे २०१७ साली शास्त्रशुद्ध चाचणीने सिद्ध केले. हे काम प्रौढांपुरते असले तरी त्यातून आपल्याला लागणारा एक महत्त्वाचा दाखला मिळतो : ही कौशल्ये शिकवण्यासाठी तज्ज्ञांची वाट पाहत बसावे लागत नाही. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, बचत गटातील एखादी जाणती बाई, शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांना आवश्यक केलेली व्यवस्थापन समिती, एवढी मंडळी मनावर घेतील तर शाळेच्या पडवीत आठ कुटुंबांची संध्याकाळ भरवणे अशक्य नाही.

परंतु तशी तजवीज करताना तीन गोष्टींचे पथ्य पाळावेच लागेल. पहिली ही की, मूल बिघडले म्हणजे ‘आईचे लक्ष नव्हते’ असा ठपका ठेवण्याची आपली जुनी खोड या प्रशिक्षणाच्या आडून पुन्हा डोके वर काढता कामा नये. वर्गाला आई एकटी येईल आणि बाप कट्ट्यावर बसून राहील, तर शिकवणीचा अर्धा भाग वायाच गेला असे समजावे. बापाच्या सवडीची वेळ, म्हणजे रविवार किंवा रात्र, हीच वर्गाची वेळ असली पाहिजे. दुसरी ही की, ज्या घरात मारहाण आहे किंवा वडीलच व्यसनात बुडाले आहेत तेथे सात संध्याकाळी पुरणार नाहीत. तेथे आधी उपचार आणि संरक्षण हवे. तिसरी ही की, आयोवाच्या चित्रफिती भाषांतरित करून दाखवण्याचा मोह आवरावा. आपल्या प्रसंगांत टपरी असली पाहिजे, एकत्र कुटुंबातील काका असला पाहिजे, दहावीचा निकाल असला पाहिजे, आणि लग्नाच्या वरातीत मुलाच्या हाती ग्लास देणारा चुलतभाऊही असला पाहिजे. मग जे काही करू त्याची आपणच कठोर परीक्षा घ्यावी, आणि फळ आले नाही तर पोलंड व वेल्सच्या अभ्यासकांप्रमाणे तेही निर्मळ मनाने जाहीर करावे.

चाळीस वर्षांच्या या खटाटोपातून कोणतेही रामबाण औषध निघालेले नाही. तरीही तो वाया गेला असे मला मुळीच वाटत नाही, कारण आईबापपण शिकता येते, आणि ते शिकण्यात कमीपणा नाही, ही गोष्ट त्याने प्रस्थापित केली. लेकराविषयीची माया कोणाला शिकवावी लागत नाही. ती माया मुलापर्यंत पोहोचेल अशा शब्दांत कशी सांगावी, आणि तिच्यात मर्यादेचा धागा कसा विणावा, हे मात्र आपल्यापैकी बहुतेकांना कोणी कधी शिकवलेले नाही. आपल्या वडिलांनी आपल्याशी जे बोलायचे राहून गेले तेच आपणही मुलाशी बोलायचे राहू देतो, आणि मग एके दिवशी शाळेतून बोलावणे आले म्हणजे त्याच्या दप्तरात काय सापडले हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो. दप्तर टाकून हकीकत सांगणारे ते मूल तेराव्या वर्षीही आपल्यापाशी येऊन बसावे, आणि ज्या दिवशी त्याच्या सोबत्याने त्याच्या हातावर पुडी ठेवली त्या दिवशीचीही हकीकत त्याने आपल्यालाच सांगावी, यासाठी सात संध्याकाळी खर्च करणे कोणत्याही घराला महाग पडणार नाही.